ताईच्या जागी

तो प्रश्न ऐकून धाकटा आधी हसला. समोरच्या बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खरोखरच उत्तर द्यायचंय.

बाई एका मोठ्या न्यासाकडून आल्या होत्या. केंद्राला तीन वर्षांचं अनुदान द्यायचं की नाही, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. टेबलावर समितीच्या बैठकांच्या अठरा वर्षांच्या वह्या रचलेल्या होत्या आणि बाईंचं बोट त्यातल्या एका पानावर होतं.

"अध्यक्ष म्हणून तुम्ही संचालकांच्या एखाद्या प्रस्तावाला कधी विरोध केलाय? एकदा तरी? मला कुठे सापडत नाहीये."

"संचालक म्हणजे माझी थोरली बहीण," धाकटा म्हणाला. "तिला शेवटचा विरोध मी पाच वर्षांचा असताना केला होता. नंतर हिंमत झाली नाही."

ताई शेजारीच बसली होती. ती खळखळून हसली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"आणि ताईंच्या नंतर कोण?"

"माझ्या नंतर?" ताईने विचारलं. "मी कुठे चाललेय?"

केंद्र म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची लांबलचक जागा. तिथे आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू वापरायला मिळत. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, वरखाली होणारे पलंग, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गाद्या. ताईचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता. तो गेला, तेव्हा त्याचा पलंग, खुर्ची आणि वॉकर घेऊन तिने हे सुरू केलं होतं. आता साडेतीनशे वस्तू होत्या, एक म्हातारी व्हॅन होती, नऊ माणसं पगारावर होती. पलंग पोचवून झाला की माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाय कसे चोळायचे, हे घरच्यांना शिकवलं जायचं. आणि सगळं ताईच्या डोक्यात होतं. कुठली खुर्ची कुठल्या घरात आहे, कुठला देणगीदार कशावर रुसतो, व्हॅनचं दार कुठे लाथ मारली की लागतं.

धाकटा लिफ्ट तपासायच्या सरकारी खात्यातून निवृत्त झाला होता. ताई सांगेल तिथे सही करणं एवढंच त्याचं अध्यक्षपद. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्याला चैन पडेना. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, मग दारापाशी, मग पुन्हा खिडकीपाशी.

"काय हरवलंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग बसा तरी. नाहीतर बाहेर जाऊन भाजी आणा. मधल्यामध्ये फरशी झिजवू नका."

दोन आठवड्यांनी न्यासाचं पत्र आलं. अनुदान मिळेल, पण वर्षाच्या आत नवा संचालक नेमलेला हवा आणि समितीने समितीसारखं काम केलेलं हवं. पत्र वाचून ताईने चष्मा काढला. धाकट्याला वाटलं, आता फाडते की काय. पण ती म्हणाली, "ठीक आहे. नव्या व्हॅनशिवाय गाडी पुढे जाणार नाही. फिजिओला नेमते."

"बैठक बोलवायला हवी, ताई."

"बोलव की. मी तिला सांगूनही टाकलंय."

फिजिओ म्हणजे केंद्रातली फिजिओथेरपिस्ट. चाळिशीची, कमी बोलणारी, अकरा वर्षं घरोघर जाऊन लोकांना उठवून बसवणारी. समितीने हात वर केले, ठराव झाला. ताईला निरोप दिला तेव्हा कितीतरी लोक आले. ज्यांच्या घरचे आजारी बरे झाले ते आले, ज्यांचे गेले तेही आले. ताईने छोटंसं भाषण केलं. "आता हिचं ऐका. माझं ऐकू नका." टाळ्या पडल्या, बरेच जण डोळे पुसत होते.

पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता ताई केंद्रात हजर.

"झाडांना पाणी घालायला आले," ती म्हणाली. केंद्रात झाडं दोन होती.

ती आतल्या खोलीत मात्र गेली नाही. दाराजवळच्या बाकावर बसायची. पण केंद्रात येणारा प्रत्येक जण त्या बाकावरूनच जायचा. कुणाचे वडील घसरून पडलेले, कुणाच्या आईला अर्धांगाचा झटका आलेला. माणसं रडवेली होऊन यायची, ताईला ओळखायची आणि तिच्याच शेजारी बसायची. फिजिओ आपल्या टेबलामागे पेन हातात धरून वाट बघत राहायची.

तिने महिनाभर काही म्हटलं नाही. मग तिने वस्तू परत करायच्या तारखा ठरवल्या. माणूस बरं झालं किंवा गेलं की पंधरा दिवसांत केंद्रातून फोन जाणार, वस्तू आणली जाणार. चाळीसेक खुर्च्या आणि बारा पलंग अशा घरांत पडून होते, जिथे त्यांची गरज संपली होती.

ताईने हे बाकावर बसून ऐकलं. "म्हणजे घरातलं माणूस गेलंय, अजून कुणाचे डोळे सुकले नाहीत, आणि आपण म्हणायचं, खुर्ची द्या?"

"ताई, काल एका मुलीने आईला दोन जिने पाठीवर घेऊन उतरवलं," फिजिओ म्हणाली. "आपल्याकडे खुर्ची नव्हती म्हणून."

"मला सांगायचं. मी कुठूनतरी आणली असती."

"तेच म्हणतेय. तुम्ही आणली असती. केंद्राने नाही."

धाकटा त्या वेळी तिथेच होता. दोघींचंही त्याला पटलं, आणि म्हणून तो काहीच बोलला नाही. छापखान्याच्या दारासमोर चाकांच्या खुर्च्यांसाठी उतार केलेला होता. त्यावरून तो दोनदा वर गेला, दोनदा खाली आला. मग कुणी बघायच्या आत घरी निघून गेला.

चार महिने असे गेले. देणग्या आटायला लागल्या. दर वर्षी न मागता येणारे धनादेश येईनात. फिजिओ स्वतः लोकांना भेटायला गेली. सगळ्यांनी पाणी दिलं, चहा दिला, कामाचं कौतुक केलं आणि पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं. न्यासाचा पहिला हप्ता यायला अजून अवकाश होता आणि पगार तर दर महिन्याला होते.

मग एका सकाळी ती धाकट्याच्या घरी आली. तो शर्टाला इस्त्री करत होता. तिने घडी केलेला कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला.

"काका, राजीनामा आहे."

"अगं, बस आधी."

"बसत नाही. बसले तर रडेन, आणि मला तुमच्यापुढे रडायचं नाहीये." ती उभीच राहिली. "ताईंच्या हाताखाली मी आयुष्यभर काम केलं असतं. ताईंच्या जागीही करेन. पण त्या समोर बसलेल्या असताना त्यांच्या जागी नाही जमत मला. काल नळदुरुस्तीवाल्याने विचारलं, बिल कुणाला देऊ, तुम्हाला की खऱ्या मॅडमना."

"मी बोलतो ताईशी."

"तुम्ही?" ती म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण तोंडातून निघून गेलं. "माफ करा, काका."

"मला आठ दिवस दे," धाकटा म्हणाला. शर्ट करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्याने इस्त्री उचलली.

तो तडक वखारीत गेला. लाकडाच्या वखारीचे मालक केंद्राचे सगळ्यात जुने देणगीदार होते, समितीवरही होते. भुसा उडत होता, यंत्राची करवत किंचाळत होती. वखारवाल्यांनी त्याला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं.

"यंदा तुमचा धनादेश आला नाही," धाकटा म्हणाला.

वखारवाले त्याच्याकडे बघत राहिले. "अहो, तुम्हाला माहीत नाही? ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, जरा थांबा. सहा महिने बघू, नव्या बाईला जमतंय का. मला वाटलं, तुमचं सगळ्यांचं ठरलंय."

"आणखी कुणाकुणाला केला फोन?"

"ते मला काय माहीत? पण करायचा म्हटलं तर ताई अर्धवट करतील होय?"

वखारीतून ताईच्या घरी पायी जायला वीस मिनिटं पुरतात. धाकट्याला पाऊण तास लागला. तो एका चौकाला दोन फेऱ्या मारून आला. एका दुकानासमोर उभं राहून त्याने कुलपं बघितली. त्याला कुलूप नको होतं. तोंडात वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य 'ताई, तू रागावू नकोस, पण' असं सुरू होत होतं.

ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. त्याने विचारलं, तसं तिने लपवलं नाही.

"केले फोन. अकरा जणांना केले."

"ताई!"

"ओरडू नकोस. ती चुकली असती तर पैसे बुडाले असते. मी ते थांबवून ठेवले. तिचं जमलं की सोडायला सांगणार होते."

"पैसेच नाहीत तर तिचं जमणार कसं?"

ताई भाजी निवडत राहिली. देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. मग म्हणाली, "तू रोज सकाळी उठून काय करतोस रे?"

"म्हणजे?"

"मी उठते, आवरते, पर्स घेते. आणि दारात उभी राहिल्यावर कळतं की कुठे जायचं नाहीये. पहिल्या सोमवारी मी खरंच झाडांसाठी गेले होते. म्हणजे, मला तसं वाटत होतं." तिने मान वर केली. "ती चांगली आहे. मला माहितीये. मीच नेमली ना? माझ्याशिवाय दहा दिवसांत सगळं कोसळलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. नाही कोसळलं, त्याचंही वाटलं."

धाकट्याला तिच्या हातावर हात ठेवावासा वाटला. त्यांच्यात तशी पद्धत नव्हती.

"तू देणगीदारांना पुन्हा फोन कर, ताई. आणि केंद्रात येणं बंद कर. एक वर्ष."

"नाहीतर काय करशील?" ताईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं, लहान मूल पहिल्यांदा हट्ट करतं तेव्हा वाटतं तसं. "सही करणार नाहीस?"

समितीची बैठक त्याने चार दिवसांनी बोलावली. ती बोलावल्यापासून त्याने धड जेवण केलं नाही. बायको म्हणाली, "वन्संच्या विरोधात उभं राहणार म्हणताय, आणि पाय आत्तापासून लटपटतायत." पण जाताना तिने त्याच्या खिशात पाण्याची छोटी बाटली खुपसली आणि सांगितलं, "बोलताना घोट घ्या. घसा कोरडा पडला की तुम्ही हो म्हणता."

समितीत पाच जण होते. धाकटा, ताई, वखारवाले, ताईचा जावई आणि एका रुग्णालयातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई. ठराव मेट्रनबाईंनी मांडला. ताईंनी समितीतून बाहेर पडावं, एक वर्ष केंद्राच्या कामात आणि देणगीदारांशी बोलण्यात भाग घेऊ नये. त्यांनी तो जखमेवरची पट्टी ओढून काढावी तसा, एका दमात वाचला.

"हे काय चाललंय?" जावई म्हणाला. "ज्यांनी संस्था उभी केली त्यांनाच दार बंद? माझा विरोध आहे. लिहून घ्या."

"मी तटस्थ," वखारवाले म्हणाले. "मला दोन्हीकडे तोंड दाखवायचंय."

स्वतःबद्दलच्या ठरावावर मत देता येत नाही, असा नियम होता. तो ताईनेच कधीतरी लिहिला होता. तिने तो आता मान्य केला. म्हणजे एक मत बाजूने, एक विरोधात. सगळे धाकट्याकडे बघायला लागले.

अध्यक्षाचं निर्णायक मत असतं, हे त्याला अठरा वर्षं माहीत होतं. त्याने बाटली काढली, घोट घेतला. पाणी हनुवटीवर सांडलं. ताई त्याच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा असा होता, की तिला अजूनही खात्री होती.

"बाजूने," तो म्हणाला.

कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. ताई उठली. तिने पर्स घेतली, पदर सारखा केला आणि मेट्रनबाईंना म्हणाली, "नोंद नीट करा. त्या न्यासाच्या बाईंना दाखवा. अध्यक्षांनी विरोध केला म्हणावं." मग ती उतारावरून खाली गेली. उतरताना तिने कठड्याला हात लावला नाही.

फिजिओने राजीनामा परत घेतला. ताईने स्वतःहून अकरा जणांना पुन्हा फोन केले, हे धाकट्याला वखारवाल्यांकडून कळलं. ताईकडून कळलं असतं तर बरं, पण ती त्याचा फोन उचलत नव्हती. पहिल्या महिन्यात त्याने रोज केला. नंतर एक दिवसाआड. तिच्या घरावरून जायचा, खिडकी उघडी दिसली की चालण्याचा वेग वाढवायचा.

एका दुपारी अनोळखी फोन आला. जखमी जनावरांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेची चिटणीस बोलत होती.

"तुमच्या ताई आमच्याकडे येतात, मदतीला. दोन महिने झाले."

"हो का?" धाकटा म्हणाला. "बऱ्या आहेत ना?"

"त्या उत्तम आहेत. आम्हीच जरा… त्यांनी आमची औषधांची कपाटं लावली. छान लावली, नाही म्हणत नाही. मग पिंजऱ्यांना नंबर दिले. मग पहाऱ्याच्या वेळा बदलल्या. काल डॉक्टरांना सांगत होत्या, मांजराला आधी घ्या, कुत्रा थांबेल." चिटणीसबाईंनी आवाज खाली आणला. "तुम्ही त्यांना परत घेणार आहात का हो?"

धाकटा कितीतरी दिवसांनी पोटभर हसला. "आमचा ठराव एका वर्षाचा आहे," तो म्हणाला. "अजून सात महिने काढा."

हसणं थांबल्यावर त्याला फार एकटं वाटलं. ही गोष्ट सांगून हसावं असं माणूस एकच होतं.

इकडे केंद्र मार्गाला लागत होतं. न्यासाचा हप्ता आला. नवी व्हॅन आली, तिचं दार हाताने लागायचं. पडून राहिलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्याहून अधिक परत आल्या. फोन करायचं काम फिजिओने मेट्रनबाईंना दिलं होतं. त्या खुर्चीचा विषय पहिल्या फोनला काढतच नसत, नुसती विचारपूस करत. बहुतेक वेळा घरचेच म्हणायचे, ती खुर्ची कोपऱ्यात बघवत नाही, घेऊन जा. धाकट्याने हे ताईला सांगायला फोन उचलला आणि ठेवला.

मग पुढच्या बैठकीची विषयपत्रिका आली. चौथा विषय होता: समितीच्या सदस्यांचा आणि अध्यक्षांचा कार्यकाळ. सलग सहा वर्षांपेक्षा जास्त कुणी नको, असा फिजिओचा प्रस्ताव होता.

धाकट्याने कागद दोनदा वाचला. त्याचे कान तापले. हिच्यासाठी मी सख्ख्या बहिणीला बाहेर काढलं, आणि ही मलाच दार दाखवतेय? तो उठला, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. तास दीड तास रस्त्याने फिरला. त्याची कितीतरी कामं अर्धवट होती. व्हॅनचा विमा होता, जागेचा करार होता. अलीकडे तो रोज केंद्रात जायला लागला होता, हेही त्याच्या आत्ता लक्षात आलं. वाटेत उभं राहून त्याने वखारवाल्यांना फोन लावला.

"त्या चौथ्या विषयाचं," तो म्हणाला. "घाई नको. जरा थांबू या. सहा महिने बघू."

करवतीचा आवाज येत होता. वखारवाले सावकाश म्हणाले, "हे मी आधी ऐकलंय."

धाकट्याने फोन खिशात ठेवला. शेजारून माणसं जात होती, एकाचा धक्काही लागला. त्याला लाज वाटली, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. ती वाक्यं त्याच्या तोंडात किती सहज आली होती.

बैठकीत त्याने चौथा विषय पहिला घेतला आणि प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला. मेट्रनबाईंना समितीवर येऊन तीनच वर्षं झाली होती, त्या अध्यक्ष झाल्या. जावयाचीही आठ वर्षं झाली होती. तो कुरकुरत का होईना, उठला. वखारवाले म्हणाले, बरं झालं, आता नुसती देणगी देईन, मत विचारू नका. फिजिओ धाकट्याला दारापर्यंत सोडायला आली.

"काका, रागावलात?"

"हो," तो म्हणाला. "पण बरोबर केलंस."

त्यानंतरच्या सोमवारी तो उठला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोने विचारलं, कुठे? त्याला सांगता आलं नाही. तो बाहेर पडला आणि पाय नेतील तिकडे गेला. ताईच्या दारात पोचल्यावर त्याने घंटी दाबली. या वेळी कुठलंच वाक्य जुळवलेलं नव्हतं.

ताईने दार उघडलं. ती बाहेर निघायच्या तयारीत होती, पायात बूट, बाहीला मांजराचे केस. सात महिने ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काढलं वाटतं तुलाही," ती म्हणाली.

"मीच मत दिलं."

"स्वतःविरुद्ध?"

"हो."

"बावळटच आहेस," ताई म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "आत ये. चहा टाकते. पण मी तुला माफ केलेलं नाही, आधीच सांगते."

"बरं."

तो आत गेला. बसावंसं वाटेना. खिडकीपाशी गेला, टेबलापाशी आला, पुन्हा खिडकीपाशी गेला. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "फिरू नकोस रे. मला इथून तुझी पावलं ऐकू येतात."

"पहिला महिना कसा काढलास, ताई?"

भांड्याचा आवाज थांबला. ती दारात आली, हातात गाळणी तशीच.

"रडत," ती म्हणाली. "आणि तुला शिव्या देत. तुझ्याकडे तर शिव्या द्यायलाही कुणी नाही."

"फिजिओ आहे."

"तिला नाही द्यायच्या," ताई एकदम म्हणाली. "ती चांगली मुलगी आहे."

ती चहा घेऊन आली. दोघं बसले. तिने केंद्राबद्दल काही विचारलं नाही आणि त्याने सांगितलंही नाही. मग तिला राहवेना. "नवी व्हॅन कशी आहे?" तिने विचारलं, आणि धाकटा सांगायला लागला. चहा निवला तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं.